जावेसे वाटते ते अशाने

डिसेंबर २०२२ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या जळगाव जामोद तालुक्यातल्या चार गावांनी महाराष्ट्र सोडून मध्य प्रदेशात जायची मागणी केली. भिंगारा, चाळीसटापरी, गोमाल एक आणि गोमाल दोन. सातपुड्यातली आदिवासींची गावे आहेत. डोंगर ओलांडला की बऱ्हाणपूर जिल्हा लागतो. रस्ता, वीज, पाणी आणि दवाखाना एवढे महाराष्ट्राला जमत नसेल, तर आम्हाला पलीकडे जोडा, असे त्यांचे म्हणणे होते.

तो महिना सीमाप्रश्नाचा होता. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी नोव्हेंबरात सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यावर हक्क सांगितला होता. जतच्या गावांनी २०१२ मध्ये पाण्यासाठी केलेला जुना ठराव त्यासाठी बाहेर निघाला. नाशिकच्या सुरगाण्यातून गुजरातेत जायची भाषा ऐकू आली. नांदेडच्या धर्माबाद भागातली गावे तर २०१८ पासूनच तेलंगणाकडे बोट दाखवत होती. या गर्दीत आमची चार गावे वर्तमानपत्रात आली आणि तेवढ्याच वेगाने विसरलीही गेली. त्याच महिन्यात, २७ तारखेला, नागपूरच्या अधिवेशनात विधिमंडळाने एकमताने ठराव केला. कर्नाटकातली ८६५ मराठी भाषक गावे इंच न् इंच जमिनीसह महाराष्ट्रात आणायची, असा तो ठराव. मी त्या ठरावाच्या बाजूचा आहे. पण ८६५ गावे आणायला निघालेल्या सभागृहाने, आपली चार गावे का निघाली आहेत याची विचारपूस त्याच आठवड्यात करायला हवी होती.

आमच्याकडे पारावर, एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर त्या मागणीवर एकच मत ऐकू यायचे: 'कोणीतरी राजकारणासाठी उठवलं हो.' मला ते पटत नाही. राजकारणाने एखादे निवेदन लिहून होईल, चार गावांच्या मनात जायची इच्छा त्याने येत नाही. आणि ती इच्छा एखाद्या मोठ्या अन्यायानेही येत नाही. मोठा अन्याय झाला की माणूस भांडतो, मोर्चा काढतो, कोर्टात जातो. जावेसे वाटते ते बारीकसारीक गोष्टींनी, ज्यांच्याबद्दल भांडायलाही लाज वाटावी अशा.

दळणाचेच घ्या. डोंगरातल्या ज्या वस्तीवर वीज नाही, तिथे पिठाची गिरणी नाही. ज्वारीचे पायलीभर दळण डोक्यावर घेऊन बाईने खाली उतरायचे, नंबर लावायचा, पुन्हा वर चढायचे. हे निवेदनात लिहिता येत नाही. 'दळणाचा त्रास होतो' असे लिहिले तर साहेब वाचून कागद बाजूला ठेवतात. म्हणून निवेदनात 'वीज' लिहितात आणि साहेबांना वाटते की खांब आणि तारांचा विषय आहे. विषय त्या बाईच्या अर्ध्या दिवसाचा आहे. तो दिवस तिने कसा घालवायचा हे ती ठरवत नाही, गिरणी ठरवते.

मोबाइलचेही तसेच. चार्जिंगसाठी फोन बाजाराच्या गावी दुकानात ठेवायचा, पैसे द्यायचे, आणि रेंज मिळावी म्हणून टेकाडावर जाऊन उभे राहायचे. आता रेशनला अंगठा लागतो, अंगठ्याला मशीन लागते, मशीनला रेंज लागते. रेंज नसली की दुकानदार म्हणतो, उद्या या. 'उद्या या' हे ज्याला मोटारसायकल आहे त्याच्यासाठी दोन शब्द आहेत. जो चालत आला त्याची एका दिवसाची मजुरी त्यात जाते.

आजारपणात तर माणसाच्या हातात काहीच उरत नाही. पावसाळ्यात पायवाट निसरडी झाली, नाला भरला, की आजाऱ्याला झोळीत घालून खाली आणावे लागते. झोळी धरायला चार-सहा धडधाकट माणसे लागतात, म्हणजे बाळंतपण जेव्हा सुरू होईल तेव्हा शेजारी घरी असले पाहिजेत. रात्री दुखू लागले तर उजेडाची वाट पाहायची. शहरातला माणूस रात्री दोन वाजता रिक्षा बोलावतो तेव्हा त्याला ते स्वातंत्र्य वाटत नाही, कारण ते त्याला कधी कमी पडलेले नाही. डोंगरातल्या माणसाला विचारले तर तो व्यक्तिस्वातंत्र्यावर भाषण करणार नाही. त्याला रात्री दोन वाजता दवाखान्यात जाता आले पाहिजे, एवढेच तो सांगेल, आणि त्याचे बरोबर आहे.

आता हे सगळे फक्त डोंगरातले आहे असे कोणी समजू नये. आम्ही खाली, पूर्णेच्या काठच्या सपाटीवर राहतो. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारे, म्हणून प्यायचे पाणी दुसरीकडून यायचे. ते कधी येईल ते नळ सांगत नाही, म्हणून घरात एक माणूस नळासाठी राखून ठेवावा लागतो. ज्यांच्या विहिरीला गोड पाणी लागते त्यांच्या नशिबी रात्रीची वीज. आठवड्यातले काही दिवस शेतपंपाला दिवसा पुरवठा, बाकीचे दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला थंडीत बारे द्यायला जायचे, हातात बॅटरी आणि काठी, कारण हरभऱ्यात रानडुकरे असतात आणि बांधावर साप. शेतकऱ्याने आपल्या झोपेची वेळ स्वतः ठरवावी, ही फार मोठी मागणी आहे असे मला वाटत नाही. पण या राज्यात ती वेळ वेळापत्रकातून कळते.

आणि जिल्ह्याचे ठिकाण. जळगाव जामोदहून बुलढाण्याला जायचे तर पूर्णा ओलांडून नांदुरा, तिथून मोताळा, मग राजूर घाट चढायचा. कागदावर सही लागते ती एका माणसाची आणि तो माणूस त्या दिवशी 'मिटिंगला' असतो. एका कार्यालयात मला एका दाखल्यासाठी सांगण्यात आले की अर्ज ऑनलाइन करा. ऑनलाइन केला तर सर्व्हर बंद. सर्व्हर सुरू झाला तेव्हा अर्जाची प्रत घेऊन समक्ष या म्हणाले. समक्ष गेलो तर ऑनलाइन स्थिती तपासा म्हणाले. कोणी उद्धट बोलले नाही, कोणी पैसे मागितले नाहीत. तक्रार करावी असे कोणाचेच काही चुकलेले नव्हते आणि दाखला मिळत नव्हता. मला हेच जास्त लागले. लाच मागणाऱ्याविरुद्ध निदान कायदा आहे.

दाखल्याचा विषय निघालाच आहे तर आदिवासींच्या दाखल्याचे सांगितलेच पाहिजे, कारण सगळ्यात जास्त अडवणूक तिथे आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला काढायला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्या घरात आजोबा शाळेत गेले नाहीत, जमीन वनखात्याच्या नावावर, जन्माची नोंद कोणी केली नाही, त्या घरात १९५० चा कागद कुठून यायचा? आणि तो सापडला तरी त्यावर काय लिहिलेले असणार? त्या दिवशी महाराष्ट्र नावाचे राज्य नव्हते. बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता.

हे फार लोकांना ठाऊक नसते, म्हणून नीट सांगतो. वऱ्हाड निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले. १९०५ मध्ये आमचा जळगाव तालुका आणि खामगाव अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाण्यात घातले. १९५० मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडाचे नाव मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत या तालुक्याला अकोल्यातून, वऱ्हाडातून, मध्य प्रदेशातून, मुंबईतून इकडे-तिकडे हलवले, आणि यातल्या एकाही वेळी भिंगाऱ्यातल्या माणसाला कोणी विचारले नाही. २०२२ मध्ये पहिल्यांदा गावांनी स्वतःहून काही म्हटले, तर त्यांना महाराष्ट्रद्रोही ठरवायला माणसे पुढे आली. बऱ्हाणपूर आणि जळगाव जामोद १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. मधली रेघ तिथल्या म्हाताऱ्यांच्या हयातीत पडलेली आहे.

ती रेघ भाषेवरून पडली: मराठी इकडे, हिंदी तिकडे. पण सातपुड्याच्या या पट्ट्यात घरात बोलतात ती पावरी, भिलाली, कोरकू. याच तालुक्यात जामोद, सोनबर्डीकडे निहाली बोलणारी माणसे आहेत, जिचे नाते जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी जुळत नाही असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. मराठी आणि हिंदी दोन्ही त्यांना बाजारात आणि कचेरीत शिकाव्या लागल्या. मराठी राज्याशी त्यांची निष्ठा किती, हे विचारण्याआधी मराठी राज्याने त्यांच्या दारापर्यंत काय नेले हे विचारावे.

कोणी म्हणेल, जायचेच असेल तर खुशाल जावे, बऱ्हाणपूर काय परदेश आहे? देश एक आहे, पारपत्र लागत नाही. मीही कधी तरी बऱ्हाणपुरात खोली घेऊन राहायचा विचार केला आहे, आणि मला ते जमेलही. त्यांना जमणार नाही, आणि याचे कारण फार थोड्या लोकांना माहीत असते. अनुसूचित जमातीची यादी राज्यागणिक वेगळी असते. एका राज्यातला आदिवासी दुसऱ्या राज्यात राहायला गेला तर त्या राज्यात त्याला जमातीच्या सवलती मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये तसा निकाल दिला आहे. बिऱ्हाड हलवले तर पोराची शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरीतली जागा इथेच राहते. म्हणून तो स्वतः जायचे म्हणत नाही. तो म्हणतो, गावच तिकडे न्या. ज्यांना ही मागणी हास्यास्पद वाटली त्यांनी हे लक्षात घ्यावे की ज्याच्याकडे जमीन आणि जमात सोडून दुसरी ठेव नाही, त्याला दुसरा मार्गच ठेवलेला नाही.

आणि हा मार्ग त्याच्या हातातला नाही. राज्याची हद्द बदलायची तर राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसदेने कायदा करायचा, तत्पूर्वी राष्ट्रपतींनी राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवायचे. ग्रामसभेच्या मताला त्यात जागा नाही. भारताने लोकांना कधीच विचारले नाही असेही नाही. २०१५ मध्ये बांगलादेशाबरोबर वसाहतींची अदलाबदल झाली, तिकडच्या १११ आणि इकडच्या ५१. तेव्हा तिथल्या प्रत्येक कुटुंबाला कुठल्या देशाचे नागरिक व्हायचे ते विचारण्यात आले. बांगलादेशातल्या भारतीय वसाहतींतून हजाराच्या आत माणसे भारतात आली. भारतात असलेल्या बांगलादेशी वसाहतींतून एकही माणूस तिकडे गेला नाही. दोन देशांच्या मध्ये सापडलेल्याला विचारले जाते. दोन राज्यांच्या मध्ये सापडलेल्याचे काय होते ते चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या १४ गावांत पाहावे. महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचीही मतदार ओळखपत्रे आणि रेशनकार्डे त्यांच्याकडे आहेत. दोन्हीकडचे पुढारी मते मागायला येतात. डोंगरातल्या आमच्या गावांना एकच राज्य आहे, आणि तेही निवडणुकीच्या हंगामातच चढ चढून येते.

पलीकडे काय आहे, हेही सांगितले पाहिजे. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. २५४ गावांत घरोघरी नळ. २००३ मध्ये स्वतंत्र झालेल्या त्या जिल्ह्याला तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. हद्दीच्या एका बाजूला नळाचे प्रमाणपत्र आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावर हंडा, असे असताना पाच महिन्यांनी या गावांनी तिकडे बोट दाखवले यात आश्चर्य कशाचे? उलट त्यांनी त्याआधीच का दाखवले नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

मात्र पलीकडे गेले की माणूस मोकळा होतो असे मी कोणाला सांगणार नाही. वनहक्कांसाठी बोलणाऱ्या एका आदिवासी कार्यकर्त्याला त्याच बऱ्हाणपूरच्या जिल्हा प्रशासनाने २०२४ मध्ये हद्दपार केले होते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तो आदेश रद्द केला आणि सरकारला ५० हजार रुपये द्यायला लावले. नळ आहे म्हणून तोंड उघडता येईलच असे नाही. जंगलखाते दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे सारखेच वागते. म्हणून हद्द बदलून मिळणार नाही ते इथेच मिळवावे लागेल, असे माझे मत आहे. पण हे मत त्या गावकऱ्यांना ऐकवायचा अधिकार मला आहे का, याबद्दल मी फार जपून बोलतो. माझ्या घरी लाइट आहे.

इथे रस्ता, वीज, पाणी, दवाखाना मिळणे अवघड आहे का? अधिकारी म्हणतात, वनजमीन आहे, केंद्राची परवानगी लागते, वनसंवर्धन कायदा आडवा येतो. वर्षानुवर्षे हेच उत्तर दिले जाते आणि लोक ते खरे मानून परत जातात. बुलढाणा जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे शेजारच्या मेळघाटाला लागू असलेला, ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदाही इथल्या आदिवासींना नाही. तेवढ्यावर विषय संपला असे समजले जाते. तो संपत नाही. २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्र पाहत नाही, तो जंगलात राहणाऱ्या सगळ्या आदिवासींना लागू आहे. त्याच्या कलम ३(२) मध्ये तेरा सुविधांची यादी आहे: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि टेलिफोनच्या तारा, तळी, पिण्याच्या पाण्याची योजना आणि नळ, पावसाचे पाणी साठवायची व्यवस्था, लहान कालवे, अपारंपरिक ऊर्जा, कौशल्य प्रशिक्षण केंद्र, रस्ता, समाजमंदिर. यातल्या प्रत्येकासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटत नसली आणि ग्रामसभेने शिफारस केली असली म्हणजे.

हिशेब करून पाहा. तीन मीटर रुंदीचा रस्ता एका हेक्टरात सव्वातीन किलोमीटरच्या वर होतो. आजाऱ्याला झोळीतून उतरवावे लागते त्या अंतराचा बराच भाग त्यात येतो. गिरणीची वीज, पाण्याचा नळ हे प्रत्येकी वेगळे प्रस्ताव आहेत, म्हणजे प्रत्येकाला वेगळी, एक हेक्टरच्या आतली जमीन. दाखल्याचा सोडला तर डोंगरातल्या गावांचे या लेखात वर जेवढे त्रास सांगितले त्यातला एकही असा नाही की जो या तेरांपैकी कोणत्या ना कोणत्या ओळीत बसत नाही. कायदा करणाऱ्यांनी दळण आणि झोळी डोळ्यांसमोर ठेवूनच ती यादी केली असावी, इतकी ती नेमकी आहे.

जळगाव जामोद तालुक्यातल्या ग्रामसेवकांना, शिक्षकांना, वकिलांना, ज्यांना चार ओळी नीट लिहिता येतात त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेला या गावांत जा. राज्य बदलायची मागणी मोडून काढायला जाऊ नका, ती त्यांची आहे आणि त्यांना वाटेल तेवढे दिवस ती राहू द्या. एका सुविधेला एक, असे ठराव लिहून द्या, त्यावर सह्या आणि अंगठे घ्या, नकाशा जोडा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. केंद्र सरकारच्या २००९ च्या सूचनांप्रमाणे हे प्रस्ताव मंजूर करायचा अधिकार उपवनसंरक्षकाकडे आहे. त्याने नकार दिला तर अंतिम निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीने घ्यायचा आहे. भोपाळ, मुंबई आणि दिल्ली यांपैकी कोणाचीही सही त्यावर लागत नाही.